वगळलेली तीस घरं

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्या भागात गच्चीवर पांढरे कपडे वाळत घालायची सोय राहत नाही. सकाळी सदरा काढायला जावं तर कॉलरवर, खांद्यावर काजळीचे काळे हलके तुकडे येऊन बसलेले असतात. हातानं झटकलं की डाग पसरतो. फुंकर मारायची असते. इथल्या बायकांना हे लहानपणापासून ठाऊक असतं, मला कळायला निम्मं आयुष्य गेलं. दुपारपर्यंत हवेत मळीचा आंबूस गोडसर वास भरतो. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा आणि कर्ण्यात कुठलं तरी लग्नातलं गाणं. शाळा सुटलेली पोरं मागून पळत जाऊन कांडं उपसतात. थंडी अजून अंगात शिरलेली नसते, पण स्वेटर पेटीतून बाहेर आलेले असतात आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असतो.

माझ्यासाठी हा सर्व्हेचा हंगाम. मी बारामतीतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली की शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हातात छापील फॉर्मचे गठ्ठे द्यायचे आणि त्यांना गावोगाव धाडायचं, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. आता त्याला नवं नाव मिळालंय, डेटा साक्षरता. नाव नव्हतं तेव्हाही मी तेच शिकवत होतो. आकडा समोर आला की विचारा: हा कुणी सांगितला? मोजला का नुसता सांगितला? आणि कुणाला विचारायचं राहून गेलं? हे प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशेच्या तसे लिहितात. पैकीच्या पैकी गुण मिळतात त्याला.

मी कमी बोलणारा माणूस आहे. सर कुणाच्या अध्यात नसतात की मध्यात, असं स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल कौतुकानं बोललं जातं. ते कानावर पडलं की मला तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. त्या हंगामात मी दोनदा गप्प बसलो आणि एकदा बोललो. गप्प बसलो त्याचं मी स्वतःला कसंबसं समजावतो. बोललो त्याचं समजावता येत नाही. ते आजवर घरातही सांगितलेलं नाही. इथं लिहून टाकतो.

तहसीन मुलाणी कळंबची. सकाळच्या एसटीनं यायची, पहिल्या तासाला पाच मिनिटं उशिरा, आणि दारातून "येऊ का सर" असं इतक्या हळू विचारायची की पुढच्या बाकावरची पोरं तिच्या वतीनं ओरडायची, "सर, कळंब एक्स्प्रेस आली!" ती हसायची आणि दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. तिच्या वडलांचं, हनीफभाईंचं, गावात मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळाली की लोक ती खांद्यावर टाकून त्यांच्याकडं आणायचे. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून भरायची. तहसीन सातवी-आठवीपासून वडलांशेजारी बसून वेढे मोजायची. एकदा वर्गात मी विचारलं होतं, थोडी चूक चालते, पण थोडी म्हणजे किती? मग भिंतीकडून आवाज आला, "सर, एक वेढा कमी पडला तरी मोटार पहिल्या दिवशी चालती. आठ दिवसांनी जळती." पोरं हसली. मी ते वाक्य पुढं दोन वर्षं दुसऱ्या वर्गांत स्वतःचं म्हणून वापरलं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी हनीफभाई मला भेटायला कॉलेजात आले होते. उंच, किडकिडीत माणूस, बोटांच्या टोकांना वार्निशचा पिवळा रंग. खुर्चीवर बसेनात.

"सर, पोरगी म्हणती पुण्याला एम.एस्सी. करायची."

"करू द्या की. हुशार आहे."

"व्हय, ते दिसतंय. पण आमच्या भावकीत कुणाची पोरगी पुण्याला एकटी राहिली न्हाय. उद्या मला दहा जण विचारणार. यादीत नंबर लागला तर मी छाती काढून सांगीन, सरकारनं नंबर लावलाय, तुमी कोण? नंबर न्हाय लागला तर मग मला बोलायला तोंड न्हाय. तुमच्या हातात हाय म्हणा."

"माझ्या कशाला, तिच्या हातात आहे," मी म्हणालो. असं म्हणायची पद्धत असते.

त्या वर्षी सर्व्हेचा प्रश्न मीच काढला होता. घरात पाणी भरायला दिवसाला किती वेळ जातो? गावं चिठ्ठ्या टाकून वाटली. कुणाला कालव्याकाठची सांगवी आली, कुणाला कळंब. तहसीनला आणि ओंकार नावाच्या मुलाला शेळगावच्या बाजूच्या वाड्यावस्त्या आल्या. दोघांनी वेगवेगळी तीस-तीस घरं करायची, असं ठरलं. तिकडं नोव्हेंबरमध्येही दुपारचं ऊन पाठीवर चटका देतं, आणि रस्त्याच्या कडेच्या बोरी पिकायला लागलेल्या असतात. एक रविवार मीही स्कूटरवरून चक्कर मारून आलो होतो. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. वाऱ्यानं एका बाजूला कलून परत उभी राहणारी. मुलांपैकी कुणी दिसलं नाही. थोडी बोरं खिशात घालून मी परत आलो. तपासणी झाली, असं डायरीत लिहिलं.

पंधरा दिवसांत गठ्ठे परत यायला लागले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास, अर्धा तास, पाऊण तास, अर्धा तास. हे आकडे कुठं जन्मतात ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वीस वर्षांच्या नोकरीनंतर ते वासावरून कळतं. कशी गंमत केली, ते ओंकारनं मात्र पास झाल्यावर मला भिगवण रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर स्वतःच सांगितलं. "आता काय लपवायचं, सर! पारावर एक आबा बसलेलं. म्हणलं, आबा, तीस घरं फिरायचीत. तर म्हणले, कशाला उन्हात मरतुयास? आख्खी वस्ती माझ्या तोंडपाठ हाय, ल्ही. मग त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. एका तासात तीस घरं. वर ताक पाजलं त्यांनी." तो इतक्या मोकळेपणानं हसला की मीही हसलो. त्या आबांनी आयुष्यात एक कळशी उचलली असेल का, एवढं विचारायचं त्याला सुचलं नाही. फळ्यावरचा तिसरा प्रश्न त्यानं परीक्षेत बरोबर लिहिला होता.

तहसीनचा गठ्ठा सगळ्यात शेवटी आला. कागद मळलेले, एकावर तेलाचा डाग, दोन-तीन पाण्यानं फुगलेले. माझ्या छापील फॉर्मवर तिनं पेनानं उभ्या रेघा मारून रकाने वाढवले होते.

"सर, रागावू नका. कॉलम वाढवलेत."

"का?"

"बायांना विचारलं की म्हणत्यात अर्धा तास. मी म्हणलं चला, मी येते संगं. तर नळापाशीच तास गेला. पाणी कधी येईल त्याचा नेम न्हाय, म्हणून आधीच जाऊन बसत्यात. मी म्हणलं, मावशी, ह्यो वेळ कुठं धरायचा? तर हसल्या. म्हणल्या, अगं, हे काय काम हाय व्हय? हे तर बसणं." मग ती जरा भीत भीत म्हणाली, "मी धरलाय, सर. फोनवर घड्याळ लावून."

कागदावर आकडे होते ते असे: सत्तर, एकशे बारा, चौऱ्याऐंशी, एकशे सत्तावन्न. एखादा शून्यावर किंवा पाचावर टेकलेला असला तर योगायोगानं. चार रविवार ती तिथं जात होती. एका घरात तिला आपल्याएवढी सून भेटली होती, तिच्यासाठी तिनं दोन खेपा स्वतः आणल्या होत्या. "दोन खेपांचा वेळ मी वजा केलाय," ती म्हणाली. हेही तिनं तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"बघू," मी म्हणालो.

त्या दिवशी मी तिचा गठ्ठा घरी नेला आणि रात्री जेवायच्या आधी एकदा, जेवणानंतर एकदा चाळला. माझ्या हातून एवढ्या वर्षांत गेलेल्या हजारो फॉर्मांमधले ते पहिलेच खरे असावेत, असं वाटलं. हे तिला सांगावं असंही वाटलं. सकाळी उठून मी कॉलेजला गेलो आणि सांगितलं नाही.

डिसेंबरात मूल्यांकन समिती यायची होती. ज्यांनी कॉलेजात काम केलंय त्यांना ही कळा माहीत आहे. भिंती रंगतात, बागेत कुंड्या उगवतात, वर्षभर न उघडलेल्या कपाटांना लेबलं लागतात. प्राचार्यांना ग्रंथालयासमोरच्या भिंतीवर आमच्या सर्व्हेचा मोठा आलेख हवा होता, रंगीत. मी सगळ्या गावांचे आकडे एकत्र करून आलेख काढून नेला. प्राचार्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"सर, हा उंट का काढलाय?"

आलेखाला दोन उंचवटे आले होते. एक मोठा, अर्ध्या तासापाशी. दुसरा लहान, पार उजवीकडं, एकटा. तो तहसीनच्या तीस घरांचा होता.

"एका मुलीचा डेटा जरा वेगळा आहे," मी म्हणालो.

"वेगळा म्हणजे? त्याच भागातलं दुसऱ्या मुलानं केलंय ना? त्याचं तर अर्धा तास आहे. दोघांतलं एक कोण तरी झोल करतंय." ते हसले. "समितीतल्या कुणी विचारलं तर काय उत्तर देणार? एकाच वस्तीत दोन घड्याळं चालतात म्हणून? काढून टाका. तुम्ही लोक टोकाचे आकडे वगळताच की. शास्त्रात बसतं ना ते?"

शास्त्रात बसतं. टोकाचा आकडा आधी तपासावा आणि मग वगळावा, असं शास्त्र सांगतं. तपासायचं काम मी आदल्या आठवड्यात जेवणाआधी आणि जेवणानंतर केलंच होतं. त्या टेबलासमोर मी एवढंच म्हणायला हवं होतं, की सर, झोल दुसरीकडं आहे. पण मग बाकीच्या सगळ्यांचे गठ्ठे फेकावे लागले असते, भिंत रिकामी राहिली असती, आणि इतकी वर्षं मी काय तपासत होतो हा प्रश्न माझ्याकडंच आला असता. मी मान डोलावली. ते माझं पहिलं गप्प बसणं.

संध्याकाळी लॅबमध्ये बसून मी त्या तीस ओळी निवडल्या. त्या निळ्या झाल्या. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, शिफ्ट सुटल्याचा. मी बटण दाबलं. आलेख पालथ्या घातलेल्या वाटीसारखा गोल झाला, पुस्तकात असतो तसा. अहवालात एक ओळ टाकावी लागते, ती टाकली: तीस नोंदी अविश्वसनीय आढळल्याने वगळल्या आहेत.

समिती आली, वाटीसमोर उभी राहिली, फोटो निघाला. सर्वांना तो आलेख आवडला.

तोंडी परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी होती. बाहेरून आलेले परीक्षक कामाचे गृहस्थ होते, अहवाल नीट वाचून आले होते. त्यांनी तहसीनला विचारलं, "या वगळलेल्या तीस नोंदी कुणाच्या?"

"माझ्या, सर." तिला त्या वगळल्याचं तेव्हाच कळलं. तिनं आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

"घरी बसून भरल्या का?"

"न्हाय सर. घड्याळ लावून मोजलंय."

"घड्याळ लावून!" ते मोठ्यानं हसले. "पाणी भरायला कुणी अडीच तास लावतं का गं?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय हो सर?"

पंखा फिरत होता. टेबलावरची गुणपत्रिका उडू नये म्हणून मी तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. तो नीट बसला का ते पाहिलं. एवढ्या वेळात उत्तर द्यायची वेळ निघून गेली होती. ते दुसरं.

तिला प्रोजेक्टमध्ये काठावरचे गुण मिळाले. ती पास झाली, पदवी मिळाली, बी.एस्सी. पण पुण्याच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. यादी कुठल्या गुणांवर थांबली ते मला माहीत आहे आणि तिला प्रोजेक्टमध्ये माझ्या मते किती मिळायला हवे होते तेही. वजाबाकी मी अनेकदा केली आहे. ती इथं लिहीत नाही.

आणि आता ते बोलणं. जुलैमधला दिवस, कॉलेजात प्रवेशाची गर्दी. हनीफभाई आले. या वेळी खुर्चीवर बसले. पोरीनं त्यांना सगळं सांगितलं असणार, कारण ते यादीची तक्रार घेऊन आले नव्हते.

"सर, मला बाकी काय नको. नंबर लागला न्हाय, ठीक हाय, नशीब. पण त्या कागदावर लिहिलंय की तिचं खोटं हाय. ती म्हणती खरं हाय. मला शिकलेलं कळत न्हाय. तुमी एवढंच सांगा, माझ्या पोरीनं खोटं केलं का?"

दारात मुलांची रांग होती. शिपाई दोनदा डोकावून गेला होता. त्या माणसाला एका शब्दात सोडवता आलं असतं. नाही, एवढंच. पण त्या 'नाही'च्या मागोमाग त्यांनी विचारलं असतं, मग त्या कागदावर तसं का लिहिलंय? कुणी लिहिलंय?

मी म्हणालो, "तपासणीत तसं दिसलं."

त्यांनी बोटांच्या टोकांकडं एकदा पाहिलं. मग उठले. "मग बरोबर हाय," म्हणाले. "तुमी सांगताय म्हणजे हाय." आणि मला नमस्कार करून गेले. माझ्या शब्दावर त्यांनी ज्या पद्धतीनं लगेच विश्वास ठेवला, तसा माझ्यावर दुसऱ्या कुणी कधी ठेवलेला नाही.

मुलीचं नाव दुसरं काही असतं, बाप माझ्या नात्यातला किंवा संचालकांच्या ओळखीतला असता, तर मी तेव्हा काय बोललो असतो? हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे. मला जे उत्तर मिळतं त्यावर माझा विश्वास बसत नाही. एवढंच प्रामाणिकपणे लिहिता येतं.

पुढच्या थंडीत तिचं लग्न झालं, सांगवीला. वर्गातल्या मुलींकडून कळलं. मी पुन्हा गठ्ठे वाटले. पुन्हा अर्धा तास, अर्धा तास, पाऊण तास. माणूस किती गोष्टी मनात दडपून जेवतो, झोपतो, दिवाळीचा फराळ करतो, याचा कुणी सर्व्हे करायला हवा.

यंदा मात्र एक नवल झालं. गठ्ठे आले आणि पहिल्याच फॉर्मवर त्रेसष्ट. मग एकशे चार. मग एकोणऐंशी. पुढच्या मुलाचे तसेच, त्याच्या पुढच्या मुलीचेही. एकही आकडा गोल नाही. दोन-चार घरं तर हळूच टोकालाही नेऊन ठेवलेली. क्षणभर मला वाटलं, पोरं उन्हात फिरली. मी वर्गात कौतुक केलं तर मागच्या बाकावर खसखस पिकली. शेवटी साक्षी नावाच्या मुलीला दया आली.

"सर, फोनला सांगितलं आमी. म्हणलं तीस घरं दे, पण जरा खडबडीत दे. आमच्या सरांना गुळगुळीत आवडत न्हाईत."

वर्ग हसला. मीही ओठ हलवले. आता खरं आणि खोटं वासावरून ओळखायची माझी विद्याही गेली. उद्या एखादी मुलगी खरोखर चार रविवार कळशीमागं चालून आली, तर तिचा गठ्ठा आणि या फोनचा गठ्ठा शेजारी ठेवून मला फरक सांगता येणार नाही. मी सगळ्यांना सारखे, चांगले गुण दिले. फळ्यावरचे प्रश्न पुसले. शिकवण्यासारखं माझ्याजवळ जे होतं ते मी एकदाच हातात धरलं होतं, मळलेल्या कागदांवर, आणि तेव्हा मी काय केलं ते वर लिहिलं आहे.

त्याच आठवड्यात मेहुण्याच्या शेतातली मोटार जळाली म्हणून तो कळंबला गेला आणि हात हलवत परत आला. "तुमचे ते हनीफभाई गेले की उन्हाळ्यात," म्हणाला. "झोपेतच. दुकानाला कुलूप हाय." त्यानं ते सहज सांगितलं आणि चहात पाव बुडवला.

म्हणजे तो माणूस माझं वाक्य घेऊन गेला. ते परत घेण्यासाठी जायचं ठिकाणही उरलं नाही. उरली होती ती फक्त मुलगी. तिला तरी सांगावं, म्हणून परवाच्या रविवारी मी सांगवीला गेलो. घरी सांगितलं, सर्व्हेच्या तपासणीला जातो. खरं वाटावं म्हणून पिशवीत कोरे फॉर्म टाकले. कालव्याला पाणी होतं, दोन्ही बाजूंनी ऊस, तोड चालू असलेल्या फडातून पाचटाचा वास. पत्ता विचारत गेलो. दारात एक वयस्कर बाई सुपात गहू निवडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत आतून तहसीन ओढणी सावरत बाहेर आली. मला ओळखलं. ते तिच्या चेहऱ्यावर अगदी थोडा वेळ दिसलं आणि गेलं. पिशवीतून डोकावणारे फॉर्मही तिनं पाहिले.

"अम्मी, सर्व्हेवाले हायत," ती सासूला म्हणाली. "पाण्याचं विचारत्यात."

"या की साहेब, बसा," सासूबाई म्हणाल्या. "मागं दोन पोरं आलती, दाराचा फोटो काढला अन् गेली. म्हणलं काय बाई, दाराला विचारणार हायत का काय!" एवढ्यात मागं शेळी सुटली, वाळत घातलेल्या तुरीत शिरली, आणि त्या काठी घेऊन तिच्यामागं धावल्या.

तहसीन सासूच्या जागी बसली आणि सूप पुढं ओढलं. माझ्याकडं न बघता तिनं हळू विचारलं, "अब्बांना तुमीच सांगितलं होतं?"

मी मान हलवली.

"काय म्हणून?"

"तपासणीत तसं दिसलं, असं म्हणालो."

तिनं गव्हातला खडा काढला, बाजूला ठेवला. "रागावले न्हाईत. एक शब्द न्हाय. नुसतं दुकानात येऊन बसू नको म्हणाले. मग वेढे मोजायला मीटर बसवला."

तुरीकडून सासूबाईंचा शिव्या देण्याचा आवाज येत होता. "तहसीन, मी..." एवढं मी बोललो. पुढचं वाक्य मी बारामतीहून निघताना, कालव्यावरून येताना, किती वेळा जुळवलं होतं. तेवढ्यात सासूबाई पदरानं तोंड पुसत परत आल्या, आणि तहसीननं सूप त्यांच्या हातात दिलं.

मला फॉर्म काढावा लागला. घरात माणसं किती? पाच. नळ आहे का? आहे. पाण्याला वेळ किती? "वेळ कशाचा, अर्धा तास," सासूबाई म्हणाल्या. लिहिलं. मग शिक्षणाचा रकाना आला.

"माझं न्हाय झालं. पोराचं बारावी. सुनंचं पण बारावी. जास्त शिकलेली नकोच म्हणलं होतं आमी, पोराला किंमत राहत न्हाय मग. तिच्या बापानं सांगितलं, बारावीच हाय."

माझा पेन थांबला. मी तहसीनकडं पाहिलं. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर विभागप्रमुख म्हणून माझीच सही आहे.

"बारावीच," ती म्हणाली. "लिहा, साहेब."

तीन वर्षं ती मला सर म्हणत होती.

मी बारावी लिहिलं. फॉर्मच्या तळाशी दोन सह्या लागतात, सांगणाऱ्याची आणि लिहून घेणाऱ्याची, आणि त्यांच्या वर छापलेलं असतं: वरील माहिती खरी आहे. सासूबाईंनी कागद सुनेकडं सरकवला. तिनं पूर्ण नावाची, स्वच्छ अक्षरात सही केली. मग तिनं पेन परत दिला, आणि मी केली.